टॅबवरची गोष्ट मुलं भराभर संपवतात, "समजली बाई" म्हणतात, पण समजलेली नसते. काय करू?

दुसरी_तिसरीच्या_बाई

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत आहे, माझ्याकडे दुसरी आणि तिसरी एकत्र बसते, पट एकोणीस. गावाने लोकवर्गणी काढून चार टॅब आणि एक छोटा प्रोजेक्टर घेऊन दिलाय. टॅबवर स्टोरीवीव्हर या मुलांच्या मोफत गोष्टींच्या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी डाउनलोड करून ठेवल्यात कारण शाळेत रेंज अशी येत नाही, पारावर जाऊन उभं राहावं लागतं. मुलांना फार आवडतं, जेवणाच्या सुट्टीनंतर टॅबसाठी नंबर लागलेले असतात, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला वाटलं की वाचनाचा प्रश्न सुटलाच आता.

पण मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगते. हरवलेल्या शेळीची एक छोटी गोष्ट होती, बारा-तेरा पानांची. दुसरीतल्या एका मुलीने ती तीन-चार मिनिटांत संपवली, पळत आली, "बाई झाली, समजली." मी म्हटलं सांग मग. तर तिने चित्रं सांगितली. म्हणजे शेळी आहे, झाड आहे, आजी आहे, मग परत शेळी आहे. शेळी घरात कशी आली विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसली. गोष्टीत ते सरळ लिहिलेलं होतं.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू का, ती खोटं बोलत नव्हती. त्या लेकराला मनापासून वाटत होतं की आपल्याला समजलं. मग मी बाकीच्यांनाही असंच विचारून पाहिलं तर एकोणीसातल्या पाच-सहा जणांनाच गोष्ट नीट सांगता आली, पण "समजली का" म्हटल्यावर हात सगळ्यांचे वर.

कागदाचं पुस्तक वाचताना हीच मुलं बोट ठेवून वाचतात, अडलं की बोट थांबतं आणि मला लगेच दिसतं की इथं गाडी अडकली. टॅबवर आवाज चालू असला की तो आवाज पुढं जातो, शब्दांचा रंग बदलत जातो, मूलही त्याच्याबरोबर पुढं जातं, अडायची जागाच राहत नाही.

तर माझा प्रश्न असा की डिजिटल पुस्तक वापरून मुलाला स्वतःलाच "इथं मला कळलं नाही" हे कळेल असं काही करता येतं का? चांदण्या देणारं, टाळ्या वाजवणारं ॲप नकोय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात "कसं शिकायचं हे शिकणं" असं लिहिलंय, प्रशिक्षणातही ऐकलं, पण सात-आठ वर्षांच्या मुलाबरोबर सोमवारी सकाळी साडेदहा वाजता नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. कुणी केलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा प्लीज.

डोंगरातला_मास्तर

ताई, तुमचं वाचून माझाच वर्ग आठवला. मी गेली दोन वर्षं एक करतोय ते सांगतो, सोपं आहे.

गोष्टीची पीडीएफ घ्यायची, प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि मोबाईलवरच पीपीटीत एकेक पान टाकायचं. तीन-चार पानं झाली की मध्ये एक पिवळं पान टाकायचं, त्यावर चित्र नाही, काही नाही, फक्त एक ओळ. आमच्याकडे त्याला "थांबा पान" म्हणतात, मुलांनीच नाव दिलंय. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असतात, बदल करून वापरायला परवानगी आहे, फक्त लेखक आणि चित्रकाराचं नाव असलेलं शेवटचं पान काढू नका.

आता थांबा पानावर काय लिहायचं इथं माझी पहिल्या वर्षी चूक झाली. मी गोष्टीवरचे प्रश्न टाकले. शेळीचा रंग कोणता, आजीने काय दिलं, असे. मुलं उत्तरं द्यायला लागली आणि ती परीक्षाच झाली. मग बदललं. आता गोष्टीबद्दल विचारतच नाही, मुलाला त्याच्याबद्दल विचारतो. "आत्तापर्यंत काय झालं ते शेजाऱ्याला सांग. सांगता आलं नाही तर मागे जा." बस एवढंच. दुसरं एक पान असतं, "आत्ता वाचलेल्यातला कोणता शब्द नवा वाटला? त्यावर बोट ठेवून ये." आणि तिसरं, "पुढं काय होईल असं वाटतं? का वाटतं?" एका गोष्टीत दोनच थांबे ठेवतो, जास्त ठेवले की मुलांना गोष्टीचा राग येतो आणि तो बरोबरच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे जाणं. मुलांना वाटतं मागचं पान परत उघडणं म्हणजे आपण ढ. कुणीतरी त्यांना हे शिकवलेलंच असतं, आपणच बहुतेक. म्हणून पहिले पंधरा दिवस टॅब हातात दिलेच नाहीत. प्रोजेक्टरवर गोष्ट लावायची आणि मी मोठ्याने वाचायचो, आणि मध्येच थांबून माझ्या डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलायचो. "अरे थांबा, शेळी तर ओढ्याकडे गेली होती ना? मग ही घरात कुठनं आली? माझं काहीतरी सुटलं. एक पान मागे जातो हां." आणि खरंच मागे जायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरंच ओरडायला लागली, "गुरुजी मागे जा, मागे जा, कळलं नाही!" तो दिवस मी विसरणार नाही.

वाचणारी_आई

मी शिक्षिका नाही, पहिलीतल्या मुलीची आई आहे, उत्तर देऊ का असा विचार करत होते, पण ताईंनी आवाजाचं जे लिहिलंय ते आमच्या घरी अगदी तसंच झालं म्हणून लिहिते.

आमच्याकडे आता नियम असा आहे की पहिल्यांदा गोष्ट आवाजासकट ऐकायची, मजा करायची, काही विचारायचं नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद आणि तिने मला वाचून दाखवायची. दोन्हींच्या मध्ये मी एक विचारते, "आता तुला ही गोष्ट किती सांगता येईल? बोटं दाखव." ती नेहमी दहा बोटं दाखवायची. मग सांगायला लागली की चार-पाच गोष्टी सांगून थांबायची. मी काहीच बोलायचे नाही, फक्त तिनेच किती सांगितल्या ते आम्ही दोघी बोटांवर मोजायचो. महिन्याभराने एक दिवस तिने सहा बोटं दाखवली आणि म्हणाली, "मधलं मला नीट आठवत नाही, जत्रेचं." मला इतकं भरून आलं, कारण कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने स्वतःच ओळखलं की मधलं राहिलंय.

शाळेत एकोणीस मुलांबरोबर हे जमेल का माहीत नाही मला, पण जोड्या करून होईल कदाचित.

डीएडवाले_सर_निवृत्त

बाई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. अध्यापक विद्यालयात बावीस वर्षं शिकवलं, पण "समजली बाई" म्हणणाऱ्या लेकराचं जे तुम्ही बरोबर टिपलंत ते आमच्या बऱ्याच छात्राध्यापकांच्या नजरेतून सुटायचं.

आपण काय समजलो आणि काय नाही याच्यावर नजर ठेवणं, याला मेटाकॉग्निशन म्हणतात, हा शब्द जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात रूढ केला. वाचणाऱ्या आईंनी बोटांचं जे सांगितलं ना, त्याच्या अगदी जवळचा प्रयोग फ्लॅवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० साली केला होता. लहान मुलांना चित्रं दाखवून विचारलं, तुला यातली किती लक्षात राहतील? बालवाडीच्या वयाची कितीतरी मुलं म्हणाली दहाच्या दहा, आणि प्रत्यक्षात त्याहून खूपच कमी आठवली. मोठ्या मुलांचा अंदाज बराच बरोबर होता. म्हणजे ताई, तुमची मुलगी दहा बोटं दाखवत होती यात तिचं काही चुकत नव्हतं, त्या वयाचं ते असतंच, आणि ते सरावाने सुधारतं हे तुम्हाला घरीच दिसलं.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो आणि तो उद्या वर्गात करता येईल. एलन मार्कमन यांनी १९७७ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना पत्त्यांचा एक खेळ कसा खेळायचा ते सांगितलं, पण मुद्दाम एक महत्त्वाची गोष्ट सांगितलीच नाही, त्याशिवाय खेळ होऊच शकत नाही. आणि मुलांना विचारलं, सूचना नीट आहेत का, काही राहिलंय का? लहान मुलांना काही खटकलंच नाही. पण प्रत्यक्ष खेळून बघ म्हटल्यावर मात्र ती अडली आणि मग लक्षात आलं. यातली मला पटलेली गोष्ट अशी की लहान मूल नुसतं ऐकून "कळलं नाही" हे ओळखू शकत नाही, करायला गेलं की ओळखतं. म्हणून "समजलं का?" हा प्रश्नच दुसरीच्या मुलाला विचारू नये. त्याला सांगायला लावा, करून दाखवायला लावा, चित्र काढायला लावा, अडेल तिथं त्याचं त्यालाच कळेल. मास्तरांचं "शेजाऱ्याला सांग" म्हणूनच चालतं.

आता डिजिटल पुस्तकांचं. टकाच, स्वार्ट आणि बुस यांनी २०१५ साली ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले, दोन हजारांहून जास्त मुलं होती त्यात. हलणारं चित्र, आवाज, संगीत हे गोष्टीशी जुळणारं असलं तर मुलांना गोष्ट समजायला मदत होते. पण चित्रावर बोट ठेवलं की बेडूक उडी मारतो, मध्येच एखादा खेळ येतो, अशा गोष्टींनी समज कमी होते, लक्ष गोष्टीतून उडतं. तेव्हा बाई, चांदण्या-टाळ्यांवरचा तुमचा नकार अगदी योग्य आहे. २०२१ मध्ये फुरेनेस वगैरे मंडळींनी आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवरचे ३९ अभ्यास तपासले, तिथंही तेच. तीच गोष्ट नुसती कागदावरून पडद्यावर आणली तर कागद बरा ठरतो, आणि पडद्यावर गोष्टीच्या अर्थाला धरून काही मदत जोडलेली असली तर पडदा पुढं जातो. थांबा पान ही माझ्या मते अशीच अर्थाला धरून केलेली मदत आहे.

आणि पडद्यावर "समजलं" असं जास्त वाटतं हे फक्त मुलांचं नाही. अकरमन आणि गोल्डस्मिथ यांनी २०११ मध्ये इस्राएलमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर पाहिलं, किती वेळ वाचायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असं असताना स्क्रीनवर वाचणाऱ्यांना कागदवाल्यांपेक्षा कमी मार्क पडले आणि आपल्याला येतंय हा विश्वास मात्र जास्त होता. कॉलेजच्या पोरांचं हे, तर तुमच्या दुसरीच्या मुलीकडनं काय अपेक्षा ठेवणार.

एक सावधगिरी सांगतो. प्रशिक्षणात हल्ली अंदाज करणं, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं, थोडक्यात सांगणं अशा चार पायऱ्या एकदम देतात. ते मूळ काम पालिन्कसार आणि ब्राऊन यांचं, १९८४ चं, आणि ते सातवीच्या आसपासच्या मुलांबरोबर केलेलं होतं. दुसरीच्या मुलावर चारही एकदम टाकू नका. आधी महिनाभर फक्त "सांगून बघ आणि नाही आलं तर मागे जा". ते अंगात मुरलं की मग "पुढं काय होईल".

पाटीपेन्सिल

सगळं पटतंय पण माझा एक सरळ प्रश्न आहे, मग टॅब कशाला हवा? थांबा पान कागदाच्या पुस्तकातही टाकता येतं, पिवळी चिठ्ठी चिकटवली की झालं. किशोरचे जुने अंक घ्या, बालभारती १९७१ पासून काढतेय, त्यातल्या गोष्टी वाचा, मध्ये बुकमार्क घाला. टॅब बिघडला की दुरुस्तीला तालुक्याला न्यायचा, पैसे कुणी द्यायचे हा वाद, चार्जिंग नाही, लाईट नाही. चार टॅब एकोणीस मुलं म्हणजे पंधरा मुलं बसून राहणार.

आणि साधनाने काही होत नाही हे आपण नुकतंच पाहिलंय. २०२३ पासून पाठ्यपुस्तकात "माझी नोंद" म्हणून कोरी पानं आली होती ना, दुसरी ते आठवी, ओझं कमी व्हावं आणि मुलांनी स्वतःच्या नोंदी कराव्यात म्हणून. कल्पना किती चांगली होती. माझ्या वर्गात त्या पानांवर काय लिहिलं गेलं? मी फळ्यावर लिहिलेली प्रश्नोत्तरं. कारण मलाच सुचलं नाही की त्या पानावर "आज मला काय कळलं नाही" एवढं एक वाक्य लिहून घ्यावं. २०२५ मध्ये ती पानं काढायचा निर्णयही झाला. मला आजही वाटतं की ती पानं आपण शिक्षकांनी वाया घालवली आणि त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून म्हणतोय, आता टॅबचं तसं होऊ नये.

सातपुड्यातला_शिक्षक

पाटीपेन्सिल सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं. कागदाने होत नाही असं एक काम टॅब करतो, तो मुलाला त्याचाच आवाज परत ऐकवतो.

माझी शाळा नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव बाजूला, मुलं घरी पावरी बोलतात. मराठी ही त्यांची शाळेची भाषा. माझ्याकडे अडचण दुहेरी होती, मूल मराठी गोष्ट अक्षरं जोडून छान वाचायचं, आवाज चढवून उतरवून सुद्धा, आणि अर्थ शून्य. त्याला स्वतःला ते कळायचं नाही कारण शाळेत वाचन म्हणजे असंच असतं असं त्याला वाटायचं.

मी काय केलं, टॅबमधलं साधं रेकॉर्डर वापरलं, वेगळं ॲप काही नाही. मूल गोष्टीचं एक पान वाचतं, रेकॉर्ड करतं. मग त्याच पानावर काय झालं ते पावरीत सांगतं, तेही रेकॉर्ड करतं. मग दोन्ही एकापाठोपाठ ऐकतं, कानाला लावून, एकटं. ऐकताना त्याच्या हातात तीन खडे असतात. जिथं आपण अडलो किंवा चुकीचं वाचलं असं त्यालाच वाटेल तिथं एक खडा खाली ठेवायचा. मी काही बोलत नाही, बाजूला बसतो. पहिल्या आठवड्यात कुणीच खडा ठेवला नाही, सगळे आपला आवाज ऐकून हसतच होते, हसू दिलं. दुसऱ्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलाने मराठीतलं पान ऐकलं, पावरीतलं ऐकलं, आणि गप्प बसला. मग दोन खडे ठेवले आणि मला म्हणाला, "सर, वाचलं एवढं मोठं आणि सांगितलं एवढंसं." हाताने दाखवलं त्याने, एवढं आणि एवढंसं. त्याच्या वाचनात काय राहतंय हे मला दोन वर्षं त्याला समजावता आलं नव्हतं, त्याने ते दोन मिनिटांत ऐकलं.

आपल्या भाषेत सांगू देणं हे फार महत्त्वाचं आहे हे आवर्जून सांगतो. मराठीतच सांग म्हटलं असतं तर त्याचं "एवढंसं" हे समजलं नाही म्हणून होतं की शब्द सापडला नाही म्हणून, हे त्यालाही कळलं नसतं आणि मलाही. ज्यांच्याकडे अहिराणी, कोकणी, गोंडी, कोरकू, वारली, बंजारा बोलणारी मुलं आहेत त्यांनी हे करून बघाच. शहरातल्या शाळेत हिंदी-कन्नड बोलणारी असतात त्यांनाही.

दुसरं एक आम्ही केलं ते म्हणजे मुलांनी स्वतःचं डिजिटल पुस्तक करायचं, विषय "मी वजाबाकी कशी शिकलो". हातच्याच्या वजाबाकीला माझी निम्मी तिसरी अडकलेली असते. जुलैमध्ये मुलाने पाटीवर सोडवलेल्या गणिताचा फोटो काढायचा, चुकलेला असला तरी, आणि त्या पानावर आपल्या आवाजात सांगायचं की मी हे असं केलं कारण मला असं वाटलं. सप्टेंबरमध्ये तसलंच दुसरं गणित, परत फोटो, परत आवाज. मग दोन पानं शेजारी ठेवून तिसरं पान करायचं, "आधी मी काय करायचो, आता काय करतो." एका मुलीचं वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलंय, "आधी मी मोठ्यातनं लहान काढायची, वर असो नाहीतर खाली." ५२ मधून २७ वजा करताना ती सातातून दोन काढायची, उत्तर ३५ यायचं. ही चूक आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पण त्या मुलीने ती स्वतः ओळखून शब्दांत सांगितली, आणि यावर्षीच्या तिसरीला तेच पुस्तक लावतो तेव्हा पोरं म्हणतात "मी पण असंच करतो!" आपल्याच शाळेतल्या मुलीने केलेली चूक बघायला त्यांना लाज वाटत नाही.

चार टॅबचं म्हणाल तर रेकॉर्डिंगला एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात, रोज चार मुलं, आठवड्यात सगळ्यांचा नंबर लागून जातो. बाकीची मुलं तेव्हा कागदावरच वाचत असतात आणि तेच चांगलं आहे.

पाटीपेन्सिल

सर, हे पटलं. एवढं आणि एवढंसं वाचून अंगावर काटा आला. तीन खड्यांचं उद्याच करतो, माझा स्वतःचा मोबाईल आहे, टॅब नसला तरी चालेल.

वाचणारी_आई

एक विनंती फक्त. मुलांची रेकॉर्डिंगं आणि चुकलेल्या गणितांचे फोटो कृपया पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आमच्या ओळखीत एका मुलाचं अडखळत वाचलेलं असं फिरलं आणि त्याने नंतर वाचायचंच सोडलं. मुलाने आपली चूक आपल्याजवळ ऐकली तर ठीक आहे, पण ती सगळ्या गावाने ऐकली तर मूल पुन्हा कधी "मला कळलं नाही" म्हणणार नाही.

सातपुड्यातला_शिक्षक

अगदी बरोबर ताई. आमच्याकडे रेकॉर्डिंग टॅबमध्येच राहतं, ते ठेवायचं का पुसायचं हे मूल ठरवतं. वजाबाकीच्या पुस्तकात चेहरे नाहीत, फक्त पाटी आणि आवाज, आणि पुढच्या वर्गाला दाखवायचं का हे आधी विचारतो.

दुसरी_तिसरीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मधे केंद्राची शिक्षण परिषद होती, मग गणपतीची सुट्टी. पण तीन आठवडे जेवढं जमलं तेवढं केलं ते सांगते.

आधी डीएडवाल्या सरांचा खेळ केला, अर्धवट सूचनेचा. कागदाची होडी कशी करायची ते सांगितलं आणि मधली एक घडी मुद्दाम गाळली. "नीट कळलं का?" तर हो, एकोणीस हात वर. मग कागद दिले. दोन मिनिटांत गोंधळ. "बाई, इथनं पुढं होतच नाही!" मी म्हटलं, मग मघाशी हात कसे वर केले? तर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "ऐकताना कळलं होतं, करताना नाही कळलं." मी ते वाक्य तसंच फळ्याच्या वर कोपऱ्यात लिहून ठेवलंय, अजून पुसलेलं नाही, आणि मुलं एकमेकांना तेच म्हणतात आता, "ऐकताना कळलं की करताना?"

मग मास्तरांच्या पद्धतीने प्रोजेक्टरवर मोठ्याने विचार करणं सुरू केलं. मला पहिले दोन दिवस फार अवघड गेलं. आपण शिक्षक, "मला कळलं नाही" असं वर्गासमोर म्हणायची सवयच नाही जिभेला. एकदा म्हटलं तर एक मुलगी जागेवरून उठून माझ्याजवळ आली आणि हळूच कानात म्हणाली, "बाई, मागच्या पानावर आहे ते, मी दाखवू?" बिचारीला वाटलं बाईंची फजिती होतेय.

थांबा पानं एका गोष्टीत दोनच टाकली. सध्या आवाज पहिल्या वेळी चालू, दुसऱ्या वेळी बंद. जोड्या करून बोटं दाखवायची. दुसरीतली बरीच मुलं अजून दहाच बोटं दाखवतात, ते बदललेलं नाही, तिसरीतल्या सात-आठ जणांचा अंदाज जवळपास यायला लागलाय. रेकॉर्डिंग अजून फक्त सहा मुलांचं झालं कारण एका टॅबचा माईक खराब निघाला.

शेळीच्या गोष्टीतली ती मुलगी. शुक्रवारी तिला तीच गोष्ट परत दिली, थांबा पानांसकट. पहिल्या थांब्याला शेजारणीला सांगायला लागली आणि मधेच थांबली, स्वतःच मागे गेली, एक पान, मग अजून एक. चौथ्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. मला वाटलं टॅब हँग झाला म्हणून मी जवळ गेले, तर म्हणाली, "थांबा बाई, मी वाचतेय." गोष्ट संपायला पाऊण तास लागला. शेळी आजीच्या मागून दार उघडं राहिलं म्हणून आत आली, हे तिने मला सुट्टीत येऊन सांगितलं, मी विचारलंही नव्हतं.

आता मला एक अडचण आहे. आमच्या दुसऱ्या बाईंकडे पहिली आहे, त्यांनाही करायचंय, पण पहिलीच्या मुलांना थांबा पानावरची ओळच वाचता येत नाही अजून. चित्र टाकलं तर चालेल का, आणि कोणतं टाकावं?

डोंगरातला_मास्तर

चालेल ताई. मी पहिलीसाठी शब्दच ठेवत नाही. पिवळ्या पानावर दोन तोंडं, एक बोलणारं आणि एक ऐकणारं, आणि खाली मागे वळणारा मोठा बाण. हाताने काढून फोटो घेतलाय. त्याच पानावर माझ्या आवाजात एक वाक्य भरलंय, "सांग बघू." निरोपात मेल आयडी द्या, तीन गोष्टींच्या तयार फाइली आहेत त्या पाठवतो, साईज थोडी मोठी आहे, पारावर जाऊन उतरवून घ्या.